समुद्राकडे पाठ करून

खान्देशी माणसाचं समुद्राशी वैर नाही, नुसती ओळख नाही. आमची तापी मुलताईला निघते, भुसावळपाशी रेल्वेचा पसारा बघते, प्रकाशाला तीर्थ होते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेपुढं समुद्राला मिळते. आम्हीही तिच्या मागोमाग सुरतेपर्यंत जातो, पण कापड बाजारापाशी थांबतो. उधना-लिंबायतमध्ये अर्धा खान्देश नांदतो आणि तिथून डुमसचा किनारा काही लांब नाही. तरी लग्नाचा बस्ता बांधून आलेल्या माणसाला ‘समुद्र बघितला का?’ असं विचारलं, तर त्याला तो स्वतःच्या हिशेबीपणावर घेतलेला संशय वाटतो.

हा झाला जुना खान्देश. आता केळीला बरा भाव लागला, पोरगी पुण्याला आयटीत चिकटली किंवा सराफ्यात दिवाळी चांगली गेली, की जळगाव-धुळ्याची माणसं युरोपची टूर घेतात. टूरमध्ये रोम असतं, पिसाचा मनोरा असतो (तो हाताने टेकवल्याचा फोटो काढल्याशिवाय व्हिसाचे पैसे वसूल होत नाहीत), आणि हल्ली त्यात अमाल्फीचा किनारा असतो. नेपल्सच्या दक्षिणेला पोझितानोपासून व्हिएत्रीपर्यंत सुमारे ५० किलोमीटरची ही पट्टी. डोंगर जिथं संपायला हवा तिथं न संपता थेट पाण्यात उतरतो आणि त्या उतारावर पिवळी, गुलाबी, पांढरी घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. १९९७ पासून हा किनारा युनेस्कोच्या यादीत आहे. अजिंठा १९८३ पासून आहे, हे अशाच एका टूरवर आमच्या बसमध्ये सगळ्यांना पाठ होतं आणि युनेस्कोचं नाव निघालं की कोणी ना कोणी ते म्हणून दाखवायचं. अजिंठा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतं, या तपशिलाला जळगावकर फार किंमत देत नाहीत. लेणी त्यांची असतील, स्टेशन आमचं आहे.

या किनाऱ्यावर जगभरातून आलेली माणसं एकाच दिशेला तोंड करून उभी असतात. कठड्याला टेकून, हातात काहीतरी थंड घेऊन, निळ्या पाण्याकडे बघत. तास-तासभर. आमची मंडळी तेवढी समुद्राकडे पाठ करून डोंगराकडे बघत होती. बसमधल्या पुण्याच्या काकांना याची लाज वाटली. मला वाटली नाही. उलट माझं ठाम मत आहे की त्या गर्दीत किनारा जर कोणी नीट पाहिला असेल, तर तो यांनीच.

मंडळींची ओळख करून द्यायला हवी. सावद्याचे आप्पा होते. केळी हा त्यांचा धंदा, धर्म आणि हवामानशास्त्र. जळगावच्या सराफ बाजारातले शेठजी होते, ज्यांच्या हातात काहीही दिलं तरी ते आधी तळहातावर तोलायचे आणि मग बघायचे. विमानातला चमचासुद्धा या परीक्षेतून सुटला नव्हता. धुळ्याच्या बाई होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, राजवाडे मंडळातल्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसणाऱ्या, एरवी अत्यंत शुद्ध बोलणाऱ्या. पण मन हललं की त्यांची अहिराणी सुटायची. पुण्याचे काका सांगितलेच. शिवाय छत्रपती संभाजीनगरचं एक जोडपं होतं, जे शेवटच्या दिवसापर्यंत एक शब्द बोललं नाही.

अमाल्फीचा रस्ता हे तिथलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या बूर्बाँ राजांनी कडा फोडून तो काढला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. मोठ्या बसवर तिथं निर्बंध आहेत, म्हणून आम्हाला लहान बसमध्ये बसवलं. ड्रायव्हर वळण आलं की हॉर्न द्यायचा, समोरून हॉर्न आला की थांबायचा, मग दोन्ही ड्रायव्हर खिडकीतून हात हलवत एकमेकांच्या घरचं क्षेमकुशल विचारायचे आणि कागदाएवढ्या फटीतून पलीकडे जायचे. पुण्याच्या काकांनी डोळे मिटून घेतले. ऑस्ट्रेलियाच्या एका बाईंनी रोझरी काढली. सावद्याचे आप्पा मात्र डब्यातले शेंगदाणे सोलत होते.

“औट्रम घाट केला नाही का तुम्ही कधी?” त्यांनी काकांना विचारलं.

चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट. ज्या जेम्स औट्रमचं नाव त्याला आहे, तो १८२५ मध्ये खान्देशात आला आणि धरणगावला त्याने भिल्ल पलटण उभी केली. त्याच्या नावाचा घाट आम्हाला अजून शिस्त शिकवतो आहे. तिथं एक कंटेनर वळणावर अडकला की धुळ्याला निघालेली वरात घाटातच पंगत मांडायची. २०२३ मध्ये कोर्टाने जड वाहनांना घाट बंद केला. ज्याने तिथं उसाच्या ट्रकमागे रात्र काढली, त्याला अमाल्फीचं वळण काय भिववणार? गाईडने मोठ्या गांभीर्याने सांगितलं की उन्हाळ्यात गर्दीच्या दिवसांत इथं बाहेरच्या गाड्यांना सम-विषम नंबरप्लेटचा नियम असतो. एक दिवस सम, एक दिवस विषम. बसमध्ये क्षणभर विचार झाला. मग शेठजी म्हणाले, “सोपं आहे. दोन गाड्या ठेवायच्या.”

पोझितानो गावात गाडीरस्ता जेमतेम एक. बाकी सगळ्या पायऱ्या. जॉन स्टाइनबेकने १९५३ मध्ये या गावावर लेख लिहिला आणि तेव्हापासून जग या पायऱ्या चढतं आहे, उतरतं आहे आणि मध्येच बसून आपल्या गुडघ्यांबद्दल विचार करतं आहे. आमच्या बायकांनी चपला घट्ट केल्या आणि बघता बघता त्या दिसेनाशा झाल्या. चैत्रात धुळ्याहून पायी वणीला जाऊन सप्तशृंगीचा गड चढणाऱ्या बायका या. गडावर आता फनिक्युलर ट्रॉली आहे, पण तिच्यात बसल्यावर नवस अर्धाच फिटतो असं त्यांचं मत आहे. अमाल्फीच्या कॅथेड्रलच्या ६२ पायऱ्यांसमोर टूर मॅनेजरने ‘ज्यांना जमेल त्यांनीच’ असं म्हटलं, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे बघितलं. गणित चुकलेल्या मुलाकडे बघतात तसं नव्हे. ज्याला गणित या विषयाचं नावच ठाऊक नाही त्याच्याकडे बघतात तसं.

खाली किनाऱ्यावर एक प्रकार झाला. पोझितानोचा किनारा वाळूचा नाही, गडद गोट्यांचा आहे. त्यावर रांगेने छत्र्या आणि आरामखुर्च्या मांडलेल्या. बाईंनी भाव विचारला. उन्हात पडून राहायचा दिवसाचा भाव ऐकून त्यांची शुद्ध भाषा तिथंच विसर्जित झाली.

“माय वं! ह्या लोके उन्हाना बी पैसा लेतस!”

त्यात त्या दिवशी उष्म्याचा इशारा होता. पारा ३५ च्या पुढं जाणार म्हणून हॉटेलच्या दाराशी सूचना लावली होती: दुपारी बाहेर पडू नका, पाणी प्या, म्हाताऱ्या माणसांची चौकशी करा. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत हळदीची मिरवणूक निघते, वरून डीजे असतो आणि नवरदेव सूट घालून घोड्यावर असतो. भुसावळला जे ऊन मोफत मिळतं आणि तरी कोणी घेत नाही, त्याला इथं युरोत भाव आहे, हे कळल्यावर आप्पा बराच वेळ गोट्यांवर बसून राहिले. निर्यातीचा काही मार्ग निघतो का, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आता लिंबं. लिंबांवर मला जास्त बोलायचं आहे, कारण आमच्या टूरचा खरा दिवस तो होता.

रस्त्यात एका वळणावर फोटोसाठी बस थांबली. सगळे कठड्याकडे धावले. आप्पा एकटे रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि डोंगराच्या बाजूच्या भिंतीवर हात फिरवू लागले. दगडावर दगड रचलेली भिंत, चुना नाही, सिमेंट नाही. तिच्या वर दोन-तीन वाफ्यांएवढी माती, मग पुन्हा भिंत, पुन्हा माती, असं ढगापर्यंत. त्या मातीत लिंबाची झाडं, वर चेस्टनटच्या लाकडाचा मांडव, मांडवावर गुंडाळून ठेवलेली काळी जाळी. हे सगळं शेकडो वर्षांत माणसांनी हाताने रचलेलं. म्हणजे पोस्टकार्डावर जो ‘निसर्ग’ म्हणून छापतात, त्यातलं अर्धंअधिक बांधबंदिस्तीचं काम आहे.

“मले सांगा,” आप्पांनी गाईडला गाठलं, “एका झाडाले किती किलो निंघतं?”

गाईड पोरगी इतिहासाची पदवीधर. सम्राट तिबेरियसबद्दल विचारलं असतं तर तिने तारखेसकट सांगितलं असतं. लिंबाच्या उताऱ्याबद्दल टूरच्या इतिहासात तिला कोणी विचारलं नव्हतं. पण तिच्या मामाच्या चार बांधांवर लिंबं होती. तिने मामाला फोन लावला. पुढं जे झालं ते असं: आप्पा लेवा बोलीत विचारणार, टूर मॅनेजर त्याचं इंग्रजी करणार, गाईड त्याचं इटालियन करणार, आणि पलीकडून मामा काहीतरी दीर्घ आणि दुःखी बोलणार. शेतकऱ्याचं दुःख भाषांतराआधीच कळतं. मामा बोलायला लागले की आप्पा मान डोलवायला सुरुवात करायचे. अर्थ मागाहून पोचायचा.

जे कळलं ते सांगतो. इथल्या लिंबाचं नाव स्फुसातो. लांबोडकं, टोकाला निमुळतं, जाड सालीचं. २००१ मध्ये त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. “आपल्या केळीले २०१६ मध्ये,” आप्पांनी पलीकडे कळवलं. जाळी गारा आणि थंड वाऱ्यासाठी. वाऱ्याचं नाव निघताच आप्पांनी जूनच्या वादळाची हकीकत सुरू केली: नवती केळी निसवलेली, घड कापणीला आलेले, आणि एका रात्रीत सगळी बाग आडवी. टूर मॅनेजरला ‘निसवण’ला इंग्रजी सापडेना. त्याने ‘बनाना प्रेग्नंट’ असं सांगितलं. मामा फोनवर हळहळले.

मग मामांनी जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी या बांधांवरून लिंबं खाली गलबतापर्यंत बायका न्यायच्या. पाठीवर टोपली, टोपलीत पन्नास किलोंहून जास्त ओझं, आणि दिवसभर त्याच पायऱ्या खाली-वर. त्या बायकांना ‘फोर्मिकेल्ले’ म्हणत, म्हणजे मुंग्या. आता पायऱ्यांवर पर्यटक असतात आणि त्यांच्या पाठीवर सॅक असते. मामांचा मुलगा बांधावर येत नाही. तो खाली हॉटेलात रिसेप्शनवर आहे. बांधांकडे लक्ष नाही म्हणून भिंती पोट काढतात, मग एका पावसाळ्यात ढासळतात, आणि डोंगर रस्त्यावर येतो.

“मजूर?” आप्पांनी विचारलं.

“मिळत नाही,” तीन भाषा ओलांडून उत्तर आलं.

“मिळाला तर?”

“परवडत नाही.”

आप्पांनी फोन कानाला लावून स्वतः दोन वाक्यं मराठीत बोलून घेतली. काय बोलले ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण पलीकडून मामा बराच वेळ ‘सी, सी’ म्हणत होते. तोवर बाकीच्यांचे फोटो काढून झाले होते आणि बस हॉर्न देत होती. निघता निघता आप्पांना भिंतीच्या कडेने गेलेली काळी नळी दिसली. जगात कुठंही ठिबकची नळी दिसली की जळगावचा माणूस ती उलटी करून कंपनीचं नाव वाचतो. आप्पांनीही वाचलं. नाव आपलं नव्हतं. त्यांनी नळी होती तशी ठेवली आणि वर माती सारली.

संध्याकाळी लिमोनचेल्लोच्या दुकानात नेलं. लिंबाची फक्त पिवळी साल स्पिरिटमध्ये भिजवतात, मग साखरेचा पाक घालतात. पुण्याच्या काकांनी ‘जस्ट फॉर टेस्ट’ म्हणत चार वेळा टेस्ट घेतली. आप्पांचा प्रश्न वेगळा होता: सालीची दारू झाली, मग रसाचं काय करतात? केळी कापल्यावर उरलेल्या खोडांचं काय करावं या प्रश्नावर ज्याची निम्मी हयात गेली, त्याला हाच प्रश्न पडणार. सालीचे इतके पैसे होतात हे बघून त्यांनी एक बाटली घेतली. प्यायला नव्हे, गावच्या शेतकरी गटाला दाखवायला.

एवढा सलोखा झाल्यावर त्या किनाऱ्याने वांग्याची आगळीक करायला नको होती.

जळगावच्या माणसाला वांग्याबद्दल एक बाजू असते, आणि ती एकच असते. बामणोदचं हिरवट-पांढरं, भलंमोठं भरताचं वांगं. कपाशीच्या काट्यांवर भाजलेलं. लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचलेलं. वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची पुरी. हिवाळ्यात वावरात भरीत पार्टी झाली नाही, तर ते वर्ष कॅलेंडरात धरत नाहीत. या वांग्यालाही २०१६ चंच मानांकन आहे. म्हणून ‘आज लोकल वांगं आहे’ असं टूर मॅनेजरने जाहीर केल्यावर टेबलाभोवती जो उत्साह पसरला, तो व्हॅटिकनमध्येही दिसला नव्हता.

ताट आलं. तळलेल्या वांग्याच्या चकत्या, आणि त्यांच्यावर चॉकलेट.

हे मी रचून सांगत नाही. चॉकलेटमधलं वांगं हा अमाल्फीच्या किनाऱ्यावरचा जुना, मानाचा पदार्थ आहे. ऑगस्टच्या मध्यावर तिथला मेरीचा सण असतो, तेव्हा घरोघरी करतात. वेटरने अभिमानाने ताटं मांडली आणि तो कौतुकाची वाट बघत उभा राहिला. शेठजींनी काट्याने वांगं उचलून तोललं. बाईंनी डोळे मिटून कानबाईचं नाव घेतलं असावं. कोणी काही बोलेना. शेवटी आप्पांनी एक चकती तोंडात घातली, शांतपणे चावली, गिळली आणि वेटरला मराठीत म्हणाले, “वांगं चांगलं होतं हो.” त्यातला ‘होतं’ हा भूतकाळ वेटरला कळला नाही. तो खूश होऊन आणखी घेऊन आला.

अमाल्फी शहर आज लहानसं आहे, पण दहाव्या-अकराव्या शतकात ते व्हेनिस, जेनोवा आणि पिसाच्या पंक्तीला बसणारं समुद्री प्रजासत्ताक होतं. त्यांची जहाजं कॉन्स्टँटिनोपलला जायची. कॅथेड्रलचा काशाचा दरवाजा अकराव्या शतकात तिथूनच ओतून आणलेला आहे. शेठजींनी त्यावर बोटाने टकटक करून ‘माल जड आहे’ असा दाखला दिला. पुढं पिसाने हे शहर लुटलं, आणि १३४३ च्या नोव्हेंबरात समुद्राने खालचा अर्धा भाग ओढून नेला. उरलं त्याला गाव म्हणतात.

बंदरावर फ्लावियो जोया यांचा पुतळा आहे. होकायंत्राचे जनक. गंमत अशी की हे गृहस्थ बहुधा झालेच नाहीत. फ्लावियो बिओंदो नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं की होकायंत्राचा मान अमाल्फीकरांना देतात. पुढं कोणीतरी ‘फ्लावियो सांगतो’ या अर्थाच्या लॅटिन वाक्यात स्वल्पविराम सरकवला, आणि सांगणारा फ्लावियो शोध लावणारा फ्लावियो झाला. एका स्वल्पविरामाच्या पोटी माणूस जन्मला, त्याला आडनाव मिळालं, चौक मिळाला, पुतळा मिळाला. हे ऐकून बाई पुतळ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. “जन्मभर पोरांना सांगत आले,” त्या म्हणाल्या, “विरामचिन्हं जपून वापरा. आता फोटो दाखवता येईल.”

गावामागच्या दरीत कागदाच्या जुन्या गिरण्या आहेत. त्यांतल्या एकीचं संग्रहालय केलं आहे. अरबांकडून ही विद्या इथं आली. चिंध्या भिजवायच्या, ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी घणांनी कुटायच्या, लगदा चाळणीवर उचलायचा. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२३१ मध्ये सरकारी दस्तांसाठी कागद वापरायला मनाई केली, कारण तो टिकत नाही. तो सम्राट विसरला गेला आणि कागद अजून दुकानात आहे, लग्नपत्रिकांसाठी. बाईंनी तिथल्या माणसाला सांगून टाकलं की आमच्या एरंडोलला आणि यावललाही देशी कागद व्हायचा. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये तशी नोंद आहे. त्या माणसाने विचारलं, आता होतो का? बाई म्हणाल्या, “आता आम्ही वाचतो.” त्या दोघांत काय समज झाली देव जाणे, पण त्याने दोन कागद फुकट दिले.

शेवटच्या दिवशी नेपल्सचं पुराणवस्तु संग्रहालय. व्हेसुव्हियसने इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या पॉम्पेईतून निघालेला बराचसा ऐवज इथं आहे. टूरच्या कार्यक्रमात मोझेक आणि पुतळे होते. बाईंच्या कार्यक्रमात एकच गोष्ट होती. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात भारतात घडवलेली हस्तिदंती बाई सापडली. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात तिला, अभ्यासक यक्षी म्हणतात. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती भोकरदनच्या उत्खननात मिळाल्या आहेत, म्हणून हीसुद्धा त्याच भागातली असावी असा एक अंदाज आहे. भोकरदन म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे. म्हणजे जळगावहून जेवून निघालं तर चहाला पोचाल.

अडचण एवढीच होती की तिला ‘गुप्त दालना’त ठेवलं आहे. पॉम्पेईत सापडलेली जी चित्रं आणि ज्या वस्तू घरच्यांसोबत बघता येत नाहीत, त्या एकोणिसाव्या शतकात एका खोलीत कुलूपबंद केल्या होत्या; २००० सालापासून ती खोली सर्वांना खुली आहे. टूर मॅनेजर दाराशी घुटमळला. बाईंनी पर्स काखेत मारली आणि त्या आत शिरल्या. त्यांच्यामागे सगळा खान्देश. दोन्ही भिंतींवर काय काय होतं ते मी लिहीत नाही. आमच्या मंडळींनी ते पाहिलंही नाही असं सगळ्यांनी नंतर शपथेवर सांगितलं. पुण्याचे काका तेवढे ‘शैली’चा अभ्यास करण्यासाठी मागे रेंगाळले.

ती पुढ्यात आली. जेमतेम वीतभर. अंगावर कपडा म्हणावा असा नाही, दागिने मात्र भरपूर. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत गुडघ्याच्या दिशेने चढत गेलेले वाळे, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना दोन दासी. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “हाई तं आपलीच शे,” त्या म्हणाल्या.

शेठजींनी खिशातलं भिंग काढलं. सुरक्षारक्षक दोन पावलं पुढं आला, पण भिंग बघून थांबला. त्याला हे कोणी तज्ज्ञ वाटले, आणि ते होतेच. बराच वेळ वाळ्यांची घडण बघून शेठजींनी विचारलं, “ही इथं कशी आली?”

बाई तयारीत होत्या. पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ नावाचं ग्रीक खलाशांचं पुस्तक सांगतं की पैठणचा माल वीस दिवसांची वाट चालून भडोचला जायचा. ती वाट खान्देशातूनच असणार, असं बाईंनी इतक्या ठामपणे सांगितलं की कोणी पुरावा मागितला नाही. भडोचहून जहाजाने तांबड्या समुद्रातून इजिप्तला, अलेक्झांड्रियाहून पुन्हा जहाज, आणि उतार पुतेओलीच्या बंदरात. म्हणजे आजचं पोझुओली, इथून हाकेच्या अंतरावर. आपण व्हिसासाठी मुंबईला खेटे घातले, ही बाई नुसत्या वाऱ्यावर आली.

“माल आला ते कळलं,” शेठजी म्हणाले. “पेमेंट?”

त्याचीही नोंद होती. ज्या प्लिनीचा व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात अंत झाला, त्याने लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थान दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. आणि मालाच्या बदल्यात रोमन काय द्यायचे? नाणी, तांबं, कथील, पोवळं, आणि वाइन. वाइनमध्ये भडोचला इटालियनला जास्त मागणी. पोवळ्याबद्दल प्लिनी म्हणतो की आम्हाला जसे हिंदुस्थानचे मोती, तसं त्यांना आमचं पोवळं. इथं शेठजींचा चेहरा उजळला. व्हेसुव्हियसच्या पायथ्याच्या तोर्रे देल ग्रेकोत आजही पोवळ्याचं काम चालतं, आणि मंगळ कडक असलेली गिऱ्हाइकं आजही जळगावच्या दुकानात येऊन ‘इटालियन पोवळंच द्या’ म्हणतात. दोन हजार वर्षांत गिऱ्हाईक तेच, माल तोच, वायदा तोच.

“आणि सोनं तिकडून इकडे आलं,” शेठजी स्वतःशीच म्हणाले. “मग ते गेलं कुठं?” त्यांनी सवयीने बाईंच्या हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं.

बसमध्ये बसल्यावर बाईंनी माइक मागून घेतला आणि जाहीर केलं की आज आपण खान्देशच्या लेकीला भेटून आलो. टाळ्या झाल्या. आणि टाळ्या संपताच मागच्या सीटवरून छत्रपती संभाजीनगरचे गृहस्थ टूरभरात पहिल्यांदा बोलले.

“भोकरदन जालना जिल्ह्यात आहे, बाई. मराठवाड्यात.”

बसमध्ये शांतता पसरली. त्यांच्या सौभाग्यवतींनी पुस्ती जोडली, “अजिंठाही आमचंच आहे. मी १९८३ ऐकून ऐकून गप्प बसले होते.”

पुढचे दोनेकशे किलोमीटर रोमपर्यंत तो वाद चालला. मराठवाड्याचं म्हणणं, घडवली आमच्याकडे. खान्देशचं म्हणणं, घडवली असेल, पण पाठवणी आमच्या वाटेने झाली, बैल आमचे, वाटेतला मुक्काम आमचा, शिदोरी आमची. पुण्याच्या काकांनी ‘सातवाहन’ हा शब्द उच्चारून मध्यस्थी करू पाहिली, तेव्हा दोन्ही पक्षांनी एकदिलाने त्यांना बसायला सांगितलं. गाईड पोरगी घाबरून टूर मॅनेजरला विचारू लागली की ही माणसं भांडतायत कशावरून.

“त्या बाईचं माहेर कुठलं, यावरून,” टूर मॅनेजर म्हणाला.

गाईडने विचार केला आणि म्हणाली, तसं बघितलं तर आता ती नेपल्सची आहे.

आप्पांनी शेंगदाण्यांचा डबा मिटला. “सासर नेपल्स,” ते म्हणाले. “पण पोरगी आली तशीच अंगावरच्या दागिन्यांनिशी उभी आहे, दोन हजार वर्षांत सासरच्यांनी एक लुगडंसुद्धा घेतलं नाही. हे कोणी लिहून ठेवलंय का कुठं?”